‘ब्लॅकबर्ड’चे काळे कवच रडारपासून खरोखर लपले असते का?

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात, सप्टेंबर २००५ मध्ये प्रसारित झालेल्या एका भागात, अवकाशातल्या युद्धनौकेवरील तंत्रज्ञांचा प्रमुख गेलन टिरॉल आपल्या माणसांना हाताशी धरून ‘ब्लॅकबर्ड’ हे नवे लढाऊ यान बांधायला घेतो. ‘व्हायपर’ जातीची लढाऊ याने संपत आलेली असतात, नवी मिळण्याची शक्यता नसते आणि हाताखालच्या माणसांचे मनोधैर्य खचलेले असते. सांगाडा उभा राहतो, पण वरून चढवायला धातूचा पत्रा नसतो, तेव्हा हिलो हा अधिकारी कार्बन कंपोझिट, म्हणजे रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात कार्बनचे तंतू बसवून केलेले साहित्य, वापरण्याचे सुचवतो. स्टारबक ही वैमानिक चाचणी उड्डाण करते, ते यान ‘ड्रेडिस’वर, म्हणजे त्या विश्वातील रडारवर, नीट दिसत नाही असे आढळते, आणि राष्ट्राध्यक्षा लॉरा रॉझलिन यांच्या सन्मानार्थ त्याला ‘लॉरा’ असे नाव दिले जाते. आपण मराठीत एक विज्ञानकथा लिहीत आहात, तीत असेच एक यान आणण्याचा विचार आहे, आणि कार्बनच्या कवचामुळे यान रडारला खरोखर दिसणार नाही का, असे आपण विचारले आहे.

मी गेली सव्वीस वर्षे कंपोझिटचे सुटे भाग बनवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामात आहे. रडारची रचना हा माझा विषय नाही, परंतु रडारच्या समोर बसणारी आवरणे मी पुष्कळ बनवली आहेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके त्या आवरणांत दडलेले आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नात दोन निराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. कार्बन कंपोझिट रडारला दिसत नाही का, हा पहिला. आणि धातू संपलेला असताना नौकेच्या हँगरमध्ये, आहे त्या साधनांनी, मोजक्या माणसांना असे यान बांधता येईल का, हा दुसरा. मालिकेने पहिल्याचे दिलेले उत्तर मला पटत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र तिने इतके जवळून दाखवले आहे की तो भाग मी प्रत्येक वेळी कारागिराच्या नजरेने पाहते.

एक गोष्ट आधीच मान्य करायला हवी. ‘ड्रेडिस’ हे काल्पनिक यंत्र आहे, आणि ते नेमके कशाच्या आधारे काम करते हे मालिकेने ठरवायचे आहे. पुढचे सगळे विवेचन ते आपल्या ओळखीच्या रडारसारखे, म्हणजे रेडिओ लहरी सोडून त्यांचे परावर्तन टिपणारे, आहे असे गृहीत धरून केलेले आहे. आपल्या कथेत शोधयंत्र निराळ्या तत्त्वावर चालत असेल, तर उत्तरही बदलेल.

आता पहिला प्रश्न. मी शिकाऊ असताना घडलेला एक प्रसंग सांगते. विमानाच्या नाकावर रडारच्या अँटेनाला झाकणारे जे टोपण असते, त्याला रेडोम म्हणतात. ते काचतंतूंचे किंवा क्वार्ट्झच्या तंतूंचे बनवतात, कारण त्यांतून रेडिओ लहरी जवळजवळ विनाअडथळा पार जातात. आमच्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या अशा एका रेडोमला वीतभर चीर गेली होती. काचेचे कापड संपलेले होते, शेजारच्या टेबलावर कार्बनच्या कापडाचे तुकडे पडलेले होते, आणि कार्बन अधिक मजबूत असतो या भाबड्या समजुतीने एका सहकाऱ्याने त्याचे दोन थर चिकटवून चीर बुजवली. ठिगळ दिसायला सुबक होते आणि मजबूतही होते. लहरींच्या चाचणीत मात्र त्या जागेमागे अँटेना आंधळी झाली, कारण तेवढ्या वीतभर जागेतून काहीही आरपार जाईना. आमच्या पर्यवेक्षकांनी ते ठिगळ कापून काढायला लावले आणि एकच वाक्य सांगितले: “कार्बन म्हणजे रडारच्या दृष्टीने धातूच.” तेव्हापासून आमच्या विभागात कार्बनचे आणि काचेचे कापड वेगवेगळ्या कपाटांत ठेवले जाऊ लागले.

यामागचे कारण सरळ आहे. कार्बनचा तंतू विजेचा बऱ्यापैकी वाहक असतो. तंतूच्या दिशेने पाहिले तर त्याची वाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे हजारावा भाग असते, आणि हा आकडा ऐकून माणसाला वाटते की मग परावर्तनही हजार पटींनी कमी होत असेल. तसे होत नाही. लढाऊ विमानांच्या रडारमध्ये प्रचलित असलेल्या १० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी अशा पदार्थात शिरून मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतक्या, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी खोलीवर क्षीण होऊ लागतात, आणि बहुतेक ऊर्जा पृष्ठभागावरूनच परत फिरते. दोन मिलिमीटर जाडीचे, चारही दिशांना तंतू टाकून केलेले कार्बनचे कवच येणाऱ्या लहरींपैकी नव्वद टक्क्यांहून कितीतरी अधिक भाग परत पाठवते. सगळे थर एकाच दिशेने टाकले, तर तंतूंना आडव्या असलेल्या लहरींच्या बाबतीत चित्र थोडे निराळे होते, परंतु असे कवच दुसऱ्या दिशेने उकलून जाईल, म्हणून विमानाला ते कोणी घालत नाही.

मग ही समजूत आली कुठून? ती निव्वळ भ्रम नाही, आणि म्हणूनच ती चिवट आहे. ‘कार्बन’ या एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. अँटेनांची चाचणी ज्या खोल्यांत करतात, त्यांच्या भिंतींवर काळ्या फोमचे सुळके लावलेले असतात. त्या फोममध्ये कार्बनची पूड भिनवलेली असते, आणि तो लहरी खरोखर गिळतो. तिथे कार्बन विरळ पसरलेला असतो, सुळक्याच्या टोकाकडून तळाकडे पदार्थाचे प्रमाण हळूहळू वाढत जाते, त्यामुळे लहरीला एकदम भिंत लागत नाही. ती आत शिरते आणि शिरता शिरता तिची उष्णता होते. कवचातला कार्बन मात्र सलग, घट्ट विणलेला आणि रेझिनमध्ये दाबून बसवलेला असतो, त्यामुळे लहरीला तो पहिल्याच पृष्ठभागावर अडवतो. पदार्थ तोच असला तरी तो कसा मांडला आहे यावर सगळे अवलंबून असते. कवचाच्या काळ्या रंगाचा रडारशी काही संबंध नाही, हेही इथेच सांगून ठेवते, कारण लेखक मंडळी रंगावर फार विश्वास ठेवतात.

रडारला चकवणाऱ्या विमानांचा खरा इतिहास पाहिला तर हे अधिक स्पष्ट होते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांनी १९६२ मध्ये धारांवरून लहरी कशा विखुरतात याचे गणित प्रसिद्ध केले. अमेरिकेत लॉकहीड या विमान कंपनीच्या अभियंत्यांनी सत्तरच्या दशकात ते गणित संगणकावर चढवले, आणि त्यातून ‘हॅव्ह ब्लू’ हे प्रायोगिक विमान जन्माला आले, ज्याचे पहिले उड्डाण १ डिसेंबर १९७७ रोजी झाले. पुढे त्यातूनच एफ-११७ आले, ज्याने १८ जून १९८१ रोजी पहिली झेप घेतली. रडारला न दिसणारे विमान म्हणून जगाला पहिल्यांदा माहीत झालेल्या या विमानाचा सांगाडा आणि कवच मुख्यतः ॲल्युमिनियमचे होते. त्याचे रहस्य होते सपाट पैलूंमध्ये, जे येणारी लहर शत्रूच्या अँटेनाकडे परत न पाठवता भलत्याच दिशेला फेकत, आणि त्यावर लावलेल्या शोषक थरांमध्ये. याउलट बोइंग ७८७ या प्रवासी विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मे कंपोझिट आहे, आणि त्याला कोणी अदृश्य म्हणत नाही. आपल्या ‘तेजस’मध्येही वजनाच्या सुमारे ४५ टक्के कंपोझिट वापरले आहे, तेही मुख्यतः वजन कमी करण्यासाठी, आणि त्याच विमानाच्या नाकावरचा रेडोम मात्र विमानातल्या रडारला दूरवरचे दिसावे म्हणून नंतर क्वार्ट्झचा करण्यात आला.

आणखी एक गणित आपल्या उपयोगाचे आहे, कारण कथेत ‘थोडे कमी दिसणे’ आणि ‘मुळीच न दिसणे’ यांत फरक पडतो. रडार एखादी वस्तू किती अंतरावरून पकडते, ते त्या वस्तूच्या परावर्तनाच्या चौथ्या मुळावर अवलंबून असते. परावर्तन दहा पटींनी कमी केले, तरी यान पूर्वीच्या निम्म्याहून अधिक अंतरावर दिसतेच. अंतर निम्मे करायचे असेल तर परावर्तन सोळा पटींनी घटवावे लागते, आणि एक दशांश करायचे असेल तर दहा हजार पटींनी. केवळ पत्रा बदलून एवढी घट मिळत नाही. ती आकार, शोषक थर, सांधे, काच आणि इंजिनाचे तोंड या सगळ्यांकडे एकदम लक्ष दिले तरच मिळते.

तरीही ‘ब्लॅकबर्ड’ला मी निकालात काढत नाही, कारण अवकाशयान असल्याचा त्याला एक फायदा आहे, ज्याचा मालिकेने उल्लेख केला नसला तरी आपण करू शकता. पृथ्वीवरच्या विमानाला हवेत तरंगायचे असते, त्यामुळे आदर्श पैलू आणि उडण्यायोग्य आकार यांची सतत ओढाताण होते. निर्वातात ती ओढाताण नाही. पैलू हवे तितके सपाट आणि धारा हव्या तितक्या तिरक्या ठेवता येतात. शिवाय हवा ओढणारी इंजिनाची पुढची तोंडे, ज्यांतून पंख्याची पाती रडारला लख्ख दिसतात, अवकाशात लागतच नाहीत. उरतात मागच्या नळ्या आणि वैमानिकाची काच. काच पारदर्शक असल्यामुळे रडारला आतले आसन, शिरस्त्राण आणि नियंत्रणे असा सगळा कोनाकोपऱ्यांचा पसारा दिसतो, म्हणून खऱ्या विमानांत काचेवर सोन्याचा किंवा इंडियम टिन ऑक्साइडचा अतिशय पातळ वाहक थर देतात, जेणेकरून काचही कवचासारखीच वागावी.

इथवर जे सांगितले त्याचा मेळ असा बसतो: टिरॉलच्या यानाचे कवच कार्बनचे असणे पूर्णपणे पटण्यासारखे आहे, ते यान शोधयंत्रावर अंधुक दिसणेही पटण्यासारखे आहे, परंतु दुसरी गोष्ट पहिलीमुळे घडली असे म्हणणे पटत नाही. आपल्या कथेत कार्बनचे कवच लहरी परत फेकणारा तळ म्हणून ठेवावे आणि त्याच्यावर शोषक थर चढवावा. त्याची सर्वांत साधी रचना म्हणजे परावर्तक पृष्ठभागापासून पाव तरंगलांबीवर ठरावीक विद्युतरोधाचा पातळ पडदा बसवणे. १० गिगाहर्ट्झसाठी हे अंतर साडेसात मिलिमीटर येते, आणि मधल्या जागेत हलका फोम भरता येतो. तिची मर्यादा अशी की ती एका विशिष्ट तरंगलांबीच्या आसपासच चांगली चालते. शत्रूने लहर बदलली की यान पुन्हा दिसू लागते, आणि माझ्या मते कथेच्या दृष्टीने ही मर्यादा अतिशय उपयोगी आहे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, जो मला अधिक जवळचा आहे. धातू नाही म्हणून दुसऱ्या साहित्याकडे वळणे ही युद्धकाळातली अगदी खरी गोष्ट आहे. ब्रिटनचे ‘मॉस्किटो’ हे विमान, ज्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झाले, बर्च लाकडाच्या प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरून बनवलेले होते. धातू आणि धातूचे कारागीर दोन्ही दुर्मीळ होते, आणि फर्निचर बनवणारे सुतार मात्र उपलब्ध होते. एका अर्थाने तेही कंपोझिटच. त्याच विमानाच्या बाबतीत १९४४ मध्ये भारतात पंखांच्या सांध्यांत दोष आढळले आणि इथली उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. चिकटवलेल्या रचनेचे भवितव्य सांध्यांवर अवलंबून असते, हे ज्याने कोकणच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात काम केले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. जून ते सप्टेंबर या काळात आम्ही हवेतली आर्द्रता मोजल्याशिवाय रेझिनचा डबा उघडत नाही.

मोजक्या माणसांनी हँगरमध्ये कार्बनचे यान बांधणे शक्य आहे का? शक्य आहे, आणि ते झालेले आहे. बर्ट रुटान यांनी आखलेले ‘व्हॉयेजर’ हे विमान कॅलिफोर्नियात मोहावी येथे एका लहानशा चमूने बांधले. त्याच्या रिकाम्या सांगाड्याचे वजन केवळ सव्वाचारशे किलोंच्या घरात होते, आणि डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ते कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीभोवती नेले. परंतु कल्पना १९८१ ची आणि पहिले उड्डाण २२ जून १९८४ चे, हेही ध्यानात घ्यावे. मालिकेत सगळे एका भागात उरकते. आपण शक्य तर कथेला काही महिने द्यावेत, किंवा सांगाडा आणि साचे आधीच तयार होते असे दाखवावे. ‘ब्लॅकबर्ड’ची इंजिने ताफ्यातून मिळवलेली आणि बाकीचे भाग मोडीत निघालेल्या यानांचे होते, त्यामुळे सांगाड्यापुरता वेळ वाचणे मला मान्य आहे. कवचाला मात्र लागायचा तो वेळ लागतोच.

तो वेळ कशात जातो, ते सांगते. आधी साचा हवा, किंवा साच्याशिवाय फोमचा गाभा कोरून त्यावर कापड चढवायचे, जसे रुटान यांच्याच ‘व्हेरिईझी’ या विमानाचे आराखडे घेऊन अनेक हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये केले. मग कापड बेतायचे, तंतूंची दिशा राखत एकेक थर टाकायचा, रेझिन सम प्रमाणात भिनवायचे, वरून नंतर सोलून निघणारे कापड, छिद्रांचा पडदा आणि जादा रेझिन शोषणारी गादी घालून सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचे आणि आतली हवा ओढून घ्यायची. विमान उद्योगात हे सगळे पुढे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या दाबाच्या भट्टीत, सहा-सात वातावरणांच्या दाबाखाली आणि १८० अंश सेल्सियसपर्यंतच्या तापमानात शिजवतात. टिरॉलकडे ऑटोक्लेव्ह दिसत नाही. नुसत्या व्हॅक्यूमवर जास्तीत जास्त एका वातावरणाचा दाब मिळतो, त्यामुळे थरांमध्ये हवेचे बुडबुडे अधिक राहतात आणि कवच थोडे जाड करावे लागते. इथे एक सुचवावेसे वाटते. अवकाशातल्या नौकेवर व्हॅक्यूम पंपाची गरजच नाही. पिशवीची नळी बाहेरच्या निर्वाताला जोडली की झाले. हे दृश्य मी अजून कुठे पाहिलेले नाही, आणि आपण ते लिहावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

बारीकसारीक अडचणींपैकी दोन सांगते, कारण त्यांनी कथेला खरेपणा येईल. एक म्हणजे रेझिनची उष्णता. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारे द्रव्य, मिसळल्यावर रेझिन स्वतःच तापू लागते, आणि एकाच बादलीत जास्त कालवले तर उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. घाईत पाच किलो एकदम कालवून मिनिटांत धूर निघालेली बादली मी स्वतः उचलून कार्यशाळेच्या बाहेर नेलेली आहे. बंद नौकेत असा धूर ही गंभीर गोष्ट ठरेल. दुसरी म्हणजे ॲल्युमिनियम आणि कार्बन यांचे वैर. दोघे एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा आला की ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून आम्ही मध्ये काचेच्या कापडाचा एक थर टाकतो आणि खिळे टायटॅनियमचे वापरतो. जुन्या धातूच्या सांगाड्यावर नवे कार्बनचे कवच बसवणाऱ्या टिरॉलला हे करावेच लागले असते.

उष्णतेबद्दल थोडक्यात. अवकाशाची पार्श्वभूमी उणे २७० अंश सेल्सियसच्या आसपास असते, आणि माणूस जगेल इतपत ऊबदार कवचाचा प्रत्येक चौरस मीटर साडेतीनशे ते चारशे वॉट ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. काळे कवच ती विशेष चांगली टाकते. शत्रूकडे अवरक्त किरण टिपणारे यंत्र असेल, तर रडारसाठी घेतलेली सगळी मेहनत त्याच्यापुढे व्यर्थ जाईल. म्हणून आपल्या कथेत शत्रू रडारवरच विसंबून आहे, याचे काहीतरी कारण द्यावे.

मालिकेत पुढे स्टारबकने याच यानातून शत्रूच्या ताफ्यातील पुनर्जन्म-नौकेची छायाचित्रे आणली, आणि नंतर ली अडामा हा वैमानिक याच यानातून त्या नौकेवर चालून गेला, त्या मोहिमेत यान नष्ट झाले. ती दोन्ही उड्डाणे पाहताना माझे लक्ष सांध्यांवर असते. ‘हॅव्ह ब्लू’च्या चाचण्यांतील एक आठवण त्या प्रकल्पातल्या मंडळींनी सांगितलेली आहे. एका उड्डाणात ते विमान अचानक रडारवर ठळक दिसू लागले, आणि उतरल्यावर पाहिले तर तीन स्क्रू पुरते आवळलेले नव्हते; त्यांची डोकी पृष्ठभागाच्या किंचित वर राहिली होती. आपल्या कथेतले यान उडण्याच्या आदल्या रात्री एखाद्या तंत्रज्ञाला कवचाभोवती फिरताना दाखवा. एका हातात नाणे घेऊन तो टकटक करीत जाईल, कारण थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. दुसऱ्या हाताचे बोट प्रत्येक सांध्यावरून फिरवेल, जिथे बोट अडखळेल तिथे स्क्रू पुन्हा आवळेल आणि फटीवर वाहक पट्टी दाबून बसवेल.